कोणत्या हाताला?

नोव्हेंबर २०१८ मधली गोष्ट. गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम महाराष्ट्रात सुरू झाली होती. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला लस द्यायची, आणि तीही बरीचशी शाळांतूनच, असे ठरले होते. आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू शाळेत शिकवतो. मोहिमेच्या पहिल्याच दिवशी आमच्या शाळेची हजेरी निम्म्यावर आली. मोबाईलवर कसले कसले संदेश फिरत होते. कोणी म्हणे, या लसीने मुलींना पुढे मूल होत नाही. कोणी म्हणे, ही लस फक्त आपल्याच मोहल्ल्यात देणार आहेत.

मुख्याध्यापकांनी आम्हा शिक्षकांच्या जोड्या केल्या आणि मगरीबनंतर घरोघर पाठवले. मशिदीतून एलान झाले, पेशइमामसाहेबांनी स्वतःच्या नातवाचे नाव यादीत सर्वांत वर घातले. तरी एकेका उंबऱ्यावर अर्धा अर्धा तास जायचा. अशाच एका घरात एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसली होती. तिची तिन्ही मुले आमच्या शाळेत. आम्ही देवी कशा गेल्या, पोलिओ कसा गेला, गोवराने मुले कशी दगावतात, सगळे सांगितले. बी.एड.ला शिकलेले सारे मानसशास्त्र पणाला लावले. तिने हात न थांबवता ऐकून घेतले आणि म्हणाली,

"सब सही है टीचर. पन कुच हुआ तो जिम्मेदार कौन?"

आम्ही क्षणभर गप्प झालो. मग तोंडातून निघून गेले, "हम हैं ना."

तिने दुसऱ्या दिवशी तिन्ही मुले पाठवली. एकाला रात्री थोडा ताप आला, तो सकाळी उतरला. बाकी काही झाले नाही. आम्हीही ते वाक्य विसरून गेलो.

ते वाक्य आम्हाला आठवले मार्च २०२१ मध्ये, आमच्याच उजव्या खांद्यात.

करोनाच्या सर्वेक्षणाचे काम केल्यामुळे आमचे नाव पहिल्या फळीच्या यादीत होते. लस घ्यायला आम्ही आनंदाने गेलो. मोहल्ल्यातल्या बायकांना 'आम्ही घेतली, तुम्हीही घ्या' असे सांगता यावे, ही इच्छाही मनात होतीच. केंद्रावर गर्दी होती. खुर्ची भिंतीला अशी लावलेली की डावी बाजू भिंतीकडे. म्हणून उजवाच हात पुढे करावा लागला. अंगावर बुरखा, आत कमीजच्या बाह्या घट्ट. बाही वर चढेना. मागे रांग, समोर पुरुषमंडळी. घाईघाईत आम्ही बुरखा सैल करून गळ्याकडून कमीज खांद्यावरून खाली ओढला. जेवढा खांदा दिसला तेवढ्यात त्या मुलीने सुई घातली. ती उभी होती, आम्ही बसलो होतो. सकाळपासून तिने शेकडो जणांना सुया दिल्या असतील. तिचा चेहरा घामाने भिजलेला होता. सुई हाडालगत, अगदी वर लागल्याचे आम्हाला जाणवले. पण तक्रार करण्यासारखे त्यात काय होते? अर्धा तास बसलो, सरबत प्यालो, घरी आलो.

त्याच रात्री खांदा ठणकू लागला. लस घेतल्यावर हात दुखतोच, दोन दिवसांत राहील, असे आम्हीच इतरांना सांगत आलो होतो. दोन दिवस गेले, आठवडा गेला, रमजान आला. तकबीरसाठी हात कानापर्यंत जाईना. वुजूत मसह करायला डावा हात लावावा लागे. मुलीची वेणी घालता येईना, दोरीवर ओली चादर टाकता येईना. रात्री उजव्या कुशीवर वळलो की जाग येई. दीनमध्ये आजारी माणसाला सवलत आहे, नमाज बसून होते. पण वेणी आणि चादर बसून होत नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी हात धरून मागे-पुढे केला आणि सांगितले, "फ्रोझन शोल्डर. वयाने होतो." आमचे वय बत्तीस. आम्ही म्हणालो, "डॉक्टरसाहेब, लस घेतली त्या रात्रीपासून आहे हे." ते हसले. "ताई, लसीने ताप येतो, खांदा कशाला धरेल?" कागदावर त्यांनी वेदना लिहिल्या, औषधे लिहिली, व्यायाम लिहिले. लसीचे नाव मात्र लिहिले नाही.

ईदच्या दिवशी आमच्या मावसबहिणीचा न्यू जर्सीहून फोन आला. तिला आम्ही बाजी म्हणतो. सोलापुरातच वाढली, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेली. ईदमुबारक झाल्यावर आम्ही सहज खांद्याचे रडगाणे गायले. पलीकडे एकदम शांतता. मग बाजीने विचारले,

"कौनसा हात? सुई ऊपर लगी थी क्या?"

आमच्या खांद्याबद्दल हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला असेल तर तिने.

बाजीला ऑक्टोबर २०१८ मध्ये औषधांच्या दुकानात फ्लूची लस दिली होती. तिकडे अशी लस दुकानातच देतात. तिलाही सुई फार वर लागली आणि पुढचे वर्षभर तिचा डावा हात खांद्याच्या वर गेला नाही. तिने जे सांगितले ते आम्ही नंतर तिच्याकडून आलेल्या कागदांतून पुन्हा पुन्हा वाचले.

दंडाच्या वरच्या भागातला जो जाड स्नायू, त्यात ही लस द्यायची असते. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली दोन-तीन बोटे सोडून. त्याहून वर सुई गेली तर ती स्नायूऐवजी हाडाजवळच्या, सांध्याला वंगण देणाऱ्या पातळ पिशवीत शिरू शकते. लसीचे कामच शरीराला चेतवण्याचे. स्नायूत ते काम बिनबोभाट होते. पण तीच लस त्या पिशवीत पडली की सूज तिथेच धरते आणि महिनोन् महिने राहते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अशा दोन रुग्णांची हकिगत छापली. २०१० मध्ये तेरा जणांवरचा लेख आला आणि त्यात या दुखण्याला स्वतंत्र नाव मिळाले. इंग्रजीतल्या त्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जोडून तिकडे 'सिर्वा' म्हणतात. अर्थ साधा : लस टोचण्यामुळे झालेली खांद्याची इजा. आमचे डॉक्टर ज्याला हसले, त्याला तिकडे नाव होते.

आणि नुसते नाव नव्हते, कायदाही होता.

त्या कायद्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९८० च्या आसपास अमेरिकेत डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात यांच्या एकत्रित लसीवरून कंपन्यांविरुद्ध खटल्यांची रांग लागली. कंपन्या एकेक करून लस बनवणे सोडू लागल्या. लसच उरली नाही तर मुले मरणार, आणि ज्या मुलाला खरोखर इजा झाली त्याच्या आईबापांनी कोर्टात आयुष्य घालवावे हेही बरे नव्हे. म्हणून १९८६ मध्ये त्यांच्या संसदेने कायदा केला आणि ऑक्टोबर १९८८ पासून भरपाईची योजना चालू झाली. लसीच्या प्रत्येक डोसवर, त्यातून जितके आजार टळतात त्या प्रत्येक आजारामागे पाऊण डॉलर कर. फ्लूच्या लसीवर पाऊण डॉलर, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर सव्वादोन. तो पैसा एका निधीत जमतो. ज्याला इजा झाली त्याने वॉशिंग्टनच्या एका खास न्यायालयात अर्ज करायचा. दाव्यात प्रतिवादी कोण? सुई देणारी मुलगी नाही, दुकान नाही, कंपनीही नाही. देशाचा आरोग्यमंत्री.

"मतलब किसी की गलती साबित करना नहीं पडता," बाजी म्हणाली. "सिर्फ ये बताना के चोट लगी, और कब लगी."

कोणत्या लसीने काय इजा होऊ शकते आणि ती किती वेळात दिसली पाहिजे याचा तक्ता सरकारने छापलेला आहे. खांद्याची इजा २०१७ मध्ये त्या तक्त्यात आली. अटी मोजक्या. लस घेण्यापूर्वी त्या खांद्याचे दुखणे नसावे. वेदना अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू झालेली असावी. ज्या खांद्याला सुई दिली त्याच खांद्यात ती असावी. दुसऱ्या कोणत्याही आजाराने तिचा उलगडा होऊ नये. त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला असावा आणि पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज झालेला असावा. मग औषधपाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोसलेल्या वेदनेबद्दलही रक्कम मिळते. वेदनेची कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर. वकिलाची फी अर्जदाराने द्यायची नाही. दावा प्रामाणिक आणि आधार असलेला असेल तर हरला तरी ती निधीतूनच मिळते.

बाजीचा अर्ज २०१९ मध्ये दाखल झाला. भरपाई २०२२ मध्ये मिळाली. रक्कम तिने सांगितली, पण ती इथे लिहिण्याचे कारण नाही. तिने जे आणखी सांगितले ते मात्र लिहितो. "पैसे से हात ठीक नहीं हुआ. पर कागज पर लिखा आया ना, के ये औरत झूठ नहीं बोलती."

वाचकांना वाटेल, अमेरिकेत सारे आबादीआबाद आहे. तसेही नाही. जानेवारी २०२१ मध्ये, सरकार बदलण्याच्या अगदी तोंडावर, खांद्याची इजा तक्त्यातून काढून टाकण्याचा नियम निघाला. म्हणणे असे की हा दोष लसीचा नाही, टोचणाऱ्याच्या हाताचा आहे. मग लसीच्या निधीतून पैसे का द्यायचे? नव्या सरकारने एप्रिल २०२१ मध्ये तो नियम मागे घेतला. बाजीचा दावा आधीच दाखल असल्याने तिला धोका नव्हता, तरी त्या तीन महिन्यांत तिने फार विचार केला. ती म्हणाली, "दोष सुईचा की औषधाचा, हे त्यांनी ठरवत बसावे. खांदा तर माझाच ना?"

मग आम्ही तिला विचारले, "बाजी, आमची लस तुमच्या देशात टोचली असती तर?" ती हसली. करोनाची लस त्या निधीत बसतच नव्हती. तिच्यासाठी वेगळी योजना होती. अर्ज लस घेतल्यापासून वर्षाच्या आत करायचा, न्यायाधीश नाही, वकिलाची फी नाही, वेदनेबद्दल काही नाही. म्हणजे घाईच्या काळात त्यांनीही दार अरुंदच ठेवले होते.

फोन ठेवता ठेवता बाजीने एकच सल्ला दिला. "लिखवा ले. भरपाई मिले न मिले, कहीं लिखवा ले."

आम्ही लसीचे प्रमाणपत्र काढून पाहिले. त्यावर आमचे नाव, लसीचे नाव, बॅच क्रमांक, तारीख, टोचणारीचे नाव, गाव, सगळे होते. कोणत्या हाताला दिली, ते नव्हते. बाजीच्या कागदावर 'डावा दंड' असे दोन शब्द होते आणि तिचा सारा दावा त्या दोन शब्दांवर उभा होता.

लसीनंतर काही त्रास झाल्यास त्याची नोंद करण्याची पद्धत आपल्याकडेही आहे, त्यासाठी फॉर्म आहे, समित्या आहेत. आम्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो. भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सगळे ऐकून घेतले. मग आवाज खाली करून म्हणाले, "ताई, तुमच्या मोहल्ल्यात आधीच लोक लस घ्यायला तयार नाहीत. टीचरचाच हात गेला असे पसरले, तर?"

आम्ही फॉर्म न भरता परत आलो. दोष त्यांचा म्हणता येत नाही, कारण हाच प्रश्न आम्ही घरून निघताना स्वतःला विचारला होता. तीन वर्षांपूर्वी याच मोहल्ल्यातल्या अफवांशी आम्ही उंबऱ्या-उंबऱ्यावर भांडलो होतो. आता आमचा खांदाच अफवेच्या बाजूने साक्ष देणार होता. आम्ही गप्प राहिलो. कोणी विचारले तर 'झोपेत अवघडला' म्हणू लागलो.

त्या काळात भरपाईचा मार्गही शोधून पाहिला. सरकारी दवाखान्यात सर्वांना फुकट मिळणारी सेवा ग्राहक कायद्याच्या बाहेर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवले आहे. औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्याला इजा झाली तर भरपाई द्यावी असा नियम आहे; पण आम्ही चाचणीत नव्हतो, मोहिमेत होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, लसीनंतर पती गमावलेल्या एका बाईच्या अर्जावर, अशी प्रकरणे ओळखून भरपाई देण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करा असे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला सांगितले. पण त्याच नोव्हेंबरात, लसीनंतर मुली गमावलेल्या पालकांच्या याचिकेवर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की लस घेणे ऐच्छिक होते, सरकारला जबाबदार धरता येणार नाही, ज्यांना भरपाई हवी त्यांनी दिवाणी न्यायालयात जावे.

जिथे लेकरेच गेली तिथे आमच्या खांद्याची काय कथा? आणि दिवाणी न्यायालयात जायचे म्हणजे कुणाचा तरी हलगर्जीपणा सिद्ध करायचा. कुणाचा? घामाने भिजलेल्या त्या मुलीचा? तिला बसायला स्टूल नव्हते, पडद्याला एक चादर नव्हती, आणि बाही वर करण्याऐवजी गळा खाली ओढणारे आम्हीच. तिला कोर्टात खेचावे असे आम्हाला एका क्षणासाठीही वाटले नाही. मग जबाबदार कोण?

अब्बांजवळ बोलता बोलता दियतचा विषय निघाला. हातून नकळत कोणाचा जीव गेला तर दियत द्यावी लागते हे सर्वांना माहीत असते. पण फिकहमध्ये पुढची गोष्टही आहे : नकळत घडलेल्या अपराधाची दियत त्या एकट्या माणसावर पडत नाही. त्याची आकिला, म्हणजे त्याचे कुळ, त्याची माणसे मिळून ती भरतात. अब्बा म्हणाले, "नियत बुरी नहीं थी, इसलिए अकेले पर बोझ नहीं. मगर नुकसान तो हुआ, इसलिए माफ भी नहीं." बाजीच्या देशातला पाऊण डॉलर आम्हाला तेव्हा कळला. ज्यांना ज्यांना लस मिळाली, ज्यांची ज्यांची मुले वाचली, त्या सर्वांनी मिळून एकाच्या खांद्याची दियत भरायची. त्यात कोणी गुन्हेगार नाही, आणि कोणी खोटाही नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आमचे पाचवीपुढचे वर्ग पुन्हा भरू लागले. दीड वर्षाने मुले समोर बसली होती. उर्दू उजवीकडून लिहितात; फळ्याची पहिली ओळ उजव्या हाताने उजव्या वरच्या कोपऱ्यात सुरू होते. आम्ही खडू उचलला आणि हात छातीच्या वर गेला नाही. सात महिने झाले होते. आम्ही फळ्याच्या मध्यापासून लिहायला लागलो. चार-पाच दिवस असेच चालले. मग एका सकाळी वर्गात आलो तर तारीख आणि धड्याचे नाव वरच्या कोपऱ्यात आधीच लिहिलेले. अक्षर वाकडेतिकडे. लिहिणारी मुलगी बाकावर मान खाली घालून बसली होती. ही त्याच विड्या वळणाऱ्या बाईची मधली लेक.

तिने घरी सांगितले असावे. संध्याकाळी तिची आई आली. "टीचर, हात कू क्या हुआ? सच बोलना."

आम्ही खरे सांगितले. लस घेतली, सुई वर लागली, सात महिन्यांपासून दुखतोय. सांगताना छाती धडधडत होती, की आता ही गल्लीभर करणार. ती थोडा वेळ आमच्या खांद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेरी दुसरी सुई बाकी है. मैं बाजू बराबर दिखाऊंगी, ढीले कपडे पैन के जाऊंगी." थोडे थांबून म्हणाली, "तुमारी जिम्मेदारी किसने ली, टीचर?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पण तिने लस टाळली नाही. आम्ही ज्या सत्याला सात महिने घाबरलो, ते ऐकून ती पळाली नाही. नीट सुई कशी घ्यायची ते शिकली. लोक इजेला जितके भितात त्याहून लपवाछपवीला जास्त भितात, हे आम्हाला शाळेत शिकवून इतक्या वर्षांत कळले नव्हते. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो आणि फॉर्म भरला. त्याचे पुढे काही आले नाही. पण 'उजवा खांदा' हे दोन शब्द एका सरकारी कागदावर आहेत.

२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावला गोवराची साथ आली आणि मुले दगावली. ती बातमी वाचताना आम्ही खांद्याचे दुखणे विसरलो. लस हवीच, याबद्दल आमच्या मनात कधी शंका आली नाही, आजही नाही. म्हणूनच तिच्या पायी दुखावलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडू नये असे वाटते. सर्वांसाठी हात पुढे कर म्हणणाऱ्याने त्या हाताची हमी घ्यायला हवी.

व्यायामाने आमचा हात आता बराचसा वर जातो. भिंतीवर बोटे चालवत चालवत रोज एक वीत, असे दीड वर्ष. थंडीत अजून ठणकतो.

शाळेत दहा वर्षांच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायला नर्सताई येतात, तेव्हा आम्ही दोन खुर्च्या समोरासमोर मांडतो. एक मुलासाठी, एक त्यांच्यासाठी. मुलींसाठी कोपऱ्यात चादर बांधतो. आदल्या दिवशी निरोप देतो की सैल बाहीचे कपडे घालून या. बाही खालून वर चढवतो, गळ्याकडून ओढू देत नाही. आणि शंभर पानी वही घेऊन शेजारी बसतो : नाव, तारीख, लस, बॅच. शेवटचा रकाना आम्ही स्वतः आखला आहे. प्रत्येक मुलाला विचारतो, "कौनसे हात को?" आणि तो सांगेल ते लिहितो.

तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना सगळ्यांना दोन्ही हात वर करायला लावतो. मुलांना तो खेळ वाटतो. आम्ही मात्र एकेक हात मोजतो.